नळ एका खात्याचा, गटार दुसऱ्याचं

गावाचं पाणी आणि गावाचं गटार एकाच खात्याकडे असावं की वेगवेगळ्या? सवाल ऐकून काही दोस्त हसतील. म्हणतील, हा नगरपालिकेच्या इंजिनिअरचा सवाल, चळवळीचा कुठं? मी म्हणतो, हा चळवळीचाच सवाल आहे. पिण्याचं पाणी मैल्यापासून लांब ठेवावं हे शहाणपण झालं. पण पाणी देणारा माणूस घाण काढणाऱ्या माणसापासून लांब ठेवावा, हे कुठल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात लिहिलंय?

आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेत पाणीपुरवठा विभाग वेगळा आहे. त्याला अभियंता आहे, फिल्टर हाऊस आहे, नकाशे आहेत. वॉलमन चावी घेऊन आळीत आला की बाया त्याला भाऊ म्हणतात, चहा पाजतात. गटार मात्र आरोग्य विभागाकडं. तिथं स्वच्छता निरीक्षक, त्याच्या हाताखाली मुकादम, आणि सगळ्यात खाली ठेकेदाराची माणसं. चहा त्यांनाही मिळतो, पण कप वेगळा असतो. दोघं एकाच पाण्याची चाकरी करतात. एक पाणी सोडतो, दुसरा तेच पाणी वाहतं ठेवतो.

एकाच पाण्याची, हे मी कविता म्हणून लिहीत नाही. सरकारी मापदंडच बघा. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. नळ आहे पण भुयारी गटार नाही, तिथं 70 लिटर. आणि दिलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरून गटाराचे पाईप आखतात. म्हणजे 135 लिटर घेणारा माणूस रोज 108 लिटर परत देतो. कागदावर हिशेब एकच आहे. खुर्च्या तेवढ्या दोन.

दोन खुर्च्यांनी काय होतं? आपल्या गावांत नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद झालं की पाईपमधला दाब जातो. पाईप फुटका असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर घाण आत शिरते. दुसऱ्या दिवशी तीच पहिल्या हंड्यात येते. पाणीवाले म्हणतात गटार फुटलंय, गटारवाले म्हणतात पाईप गळतोय. तोवर वस्तीत जुलाब सुरू झालेले असतात. एकच खातं, एकच नकाशा, एकच जबाबदार माणूस असेल तर निदान बोट दाखवायला दुसरा राहत नाही. म्हणून माझं उत्तर सरळ आहे : एकत्र करा.

पण दोस्तहो, इथंच थांबलो तर आपण फसू. नुसती पाटी बदलून काही होत नाही. 1955-56 च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची मोठी साथ आली, सुमारे 29 हजार माणसं आजारी पडली. नजफगड नाल्याची घाण वझिराबादला यमुनेतून पाणी उचलतात तिथवर पोचली होती. तेव्हा दिल्लीत पाणी आणि मैला यांचं संयुक्त मंडळ होतं! बंगळूरला 1964 पासून एकच मंडळ आहे, मद्रासला 1978 पासून, दिल्लीत पुन्हा 1998 पासून जल बोर्ड. या तिन्ही शहरांत माणसं गटारात उतरून मेली. खातं एक झालं, पण खात्याच्या आत वरचा मजला आणि खालचा मजला तसाच राहिला. वर कायम नोकरी, खाली ठेका.

कागदाचं मोल आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागदावर. पाणी प्यायला 1927 साली बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. मग लोकांनी तळं शेण-गोमूत्रानं ‘शुद्ध’ केलं, नगरपालिकेनं ठराव मागं घेतला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. मैला हातानं उचलायला बंदी करणारा कायदा 1993 चा, दुसरा 2013 चा. सुप्रीम कोर्टानं गटारातल्या मृत्यूला 2014 साली दहा लाख भरपाई ठरवली, 2023 साली तीस लाख केली. आकडा वाढवावा लागला, कारण माणसं मरायची थांबली नव्हती.

तुमच्यातला एखादा विचारील, बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढू नका, घाणीची कामं सोडा म्हणून सांगितलं. मग तू गटाराच्या खात्याची रचना काय सांगत बसलास? आपली माणसं तिथून बाहेर काढ. सवाल खरा आहे, मी तो टाळत नाही. बाहेर पडलंच पाहिजे. पण आपण बाहेर पडलो तेव्हा ते काम संपलं का? मेहतर, वाल्मिकी, रुखी भाऊ तिथंच राहिले. आपल्या सभेत ते किती येतात, मोजा एकदा. आणि सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी द्यायची लाड-पागे समितीची शिफारस या राज्यात लागू आहे. कायम नोकरीसाठी आमची माणसं ती मागतात, त्यात त्यांचं चुकत नाही, पोट आहे. पण पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरची खुर्ची कुणाला बापामागं मिळत नाही. बापामागं मिळतो तो झाडू.

म्हणून एकत्रीकरण हवं ते माणसांचं. एकच मस्टर. एकच पगारश्रेणी. पंपावरच्या माणसाची बदली गटारावर, गटारावरच्या माणसाची पंपावर. चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही, मशीन उतरेल, आणि त्या मशीनचा पैसा नळपट्टीतून येईल. जो पाणी पितो त्याच्यावर परत जाणाऱ्या पाण्याचीही जबाबदारी आहे. मी एवढीच नीती मानतो. ज्या दिवशी कुणाचाही पोरगा त्या चेंबरजवळ ड्युटीला उभा राहील, त्या दिवशी चेंबरमध्ये माणूस उतरवायची कुणाची छाती होणार नाही.

धोकाही सांगून ठेवतो. एकत्र करण्याच्या नावाखाली सगळंच ठेकेदाराला देतील. ज्या वस्तीत भुयारी गटारच नाही, तिच्याकडूनही गटाराची पट्टी वसूल करतील. या दोन गोष्टींना आधीच विरोध नोंदवा.

आणि कामाला लागा. माहिती अधिकाराचा कायदा 2005 पासून हातात आहे. आपापल्या नगरपालिकेत अर्ज टाका. पाणी विभागात कायम किती, ठेक्यावर किती? गटारावर कायम किती, ठेक्यावर किती? गटारावरून पंपावर आजवर किती बदल्या झाल्या? उत्तरं आली की दोन्ही यादीतली आडनावं शेजारी शेजारी मांडा, आणि पुढच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.