स्मृती : साठवण की घडण?

स्मृतीविषयीची सर्वांत जुनी कल्पना साठवणीची आहे. प्लेटोच्या ‘थीअटीटस’ या संवादात मनातल्या मेणाच्या गोळ्याचा दाखला येतो. अनुभवाचा ठसा त्यावर उमटतो आणि ठसा पुसला की विसर पडतो. भारतीय न्यायदर्शनानुसार अनुभव मागे संस्कार ठेवून जातो आणि तो जागा झाला की स्मरण होते. मात्र नैयायिकांनी स्मृतीला यथार्थ ज्ञानाच्या पंक्तीत बसवले नाही. ‘मनावर कोरलेले’, ‘आठवणींचा कप्पा’ हे मराठी शब्दप्रयोगही साठवणीचेच चित्र उभे करतात. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत मानसशास्त्राने हे चित्र टप्प्याटप्प्याने बदलले.

पहिला टप्पा मोजमापाचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या प्रयोगांत पाठ करणारा आणि तपासणारा तो एकटाच होता. ओळखीचा शब्द आधीच्या आठवणींच्या आधाराने लवकर पाठ होतो, म्हणून त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे 2,300 निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या याद्या तो ठरावीक गतीने वाचून बिनचूक म्हणता येईपर्यंत घोकत असे. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले, हे त्याचे माप होते. वीस मिनिटांनंतर सुमारे 58 टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर 34 टक्के आणि महिन्यानंतर 21 टक्के. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त असतो आणि पुढे मंदावतो, हे यातून आकड्यांनी दिसले. स्मृती मोजता येते, हे एबिंगहाउसने सिद्ध केले. पण त्यासाठी त्याला आशयातला अर्थच काढून टाकावा लागला.

तो अर्थ केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटने परत आणला. त्याच्या 1932 च्या ग्रंथातील प्रसिद्ध प्रयोगात इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक भुताखेतांची लोककथा वाचायला दिली होती. पुढे काही मिनिटांनी, काही दिवसांनी, कधी काही महिन्यांनी त्यांनी ती पुन्हा सांगितली, तेव्हा ती आखूड झालेली असे. सीलची शिकार जाऊन तिथे साधी मासेमारी येई आणि न उलगडलेले प्रसंग गळून पडत. वाचकांनी कथा आपल्या ओळखीच्या साच्यात बसवली होती. माणूस आठवतो तेव्हा उरलेल्या तपशिलांभोवती तो प्रसंग नव्याने रचतो, असा बार्टलेटचा निष्कर्ष होता. तो पुढची काही दशके बाजूला पडून राहिला.

दरम्यान एका रुग्णामुळे वेगळाच प्रश्न पुढे आला. अपस्माराच्या उपचारासाठी 1953 मध्ये हेन्री मोलेसन या 27 वर्षांच्या तरुणाच्या मेंदूतून दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. बुद्धी शाबूत होती, आकडे मनाशी घोळवत ठेवले तर काही काळ टिकत. लक्ष दुसरीकडे गेले की सगळे पुसले जाई. ब्रेन्डा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला सांगितली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केले आहे याची त्याला आठवणच नसे. म्हणजे हाताचे कौशल्य आणि प्रसंगाची आठवण यांचे मार्ग निराळे होते. पुढे 1972 मध्ये एन्डेल टल्व्हिंग यांनी प्रसंगस्मृती आणि अर्थस्मृती असा भेद मांडला. लग्नाचा दिवस आठवणे ही पहिली, पॅरिस ही फ्रान्सची राजधानी आहे हे ठाऊक असणे ही दुसरी. स्मृती ही एकच शक्ती आहे, हा समज इथे मोडला.

बार्टलेटचा विचार पुन्हा ऐरणीवर आला तो 1974 मध्ये. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 150 विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फीत दाखवली. गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, असे 50 जणांना विचारले. दुसऱ्या 50 जणांसाठी ‘धडकल्या’ असा सौम्य शब्द योजला. उरलेल्या 50 जणांना वेगाविषयी विचारलेच नाही. आठवड्याने सर्वांना विचारले, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच नव्हतीच. तरी पहिल्या गटातले 16, दुसऱ्यातले 7 आणि तिसऱ्यातले 6 जण ‘हो’ म्हणाले. प्रश्नातला एक शब्द आठवणीत मिसळून गेला होता. प्रत्यक्षदर्शी साक्षीकडे पाहण्याची दृष्टी अशा संशोधनाने बदलली.

करीम नादर आणि सहकाऱ्यांच्या 2000 मधील उंदरांवरच्या प्रयोगाने याला जैविक बाजू दिली. पक्की झालेली भीतीची आठवण जागवल्यावर मेंदूच्या संबंधित भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध दिले, तर ती भीती पुढे क्षीण होई. आठवण न जागवता तेच औषध दिल्यास ती टिकून राही. जागवलेली आठवण काही काळ पुन्हा ओली होते आणि तिला नव्याने पक्के व्हावे लागते, असा याचा अर्थ लावला गेला.

यामुळे ठशाची कल्पना बाद झाली नाही. अनुभवाची खूण मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडण्यांत राहते, हे आजही मान्य आहे. बदलली ती त्या खुणेची भूमिका : ती रचनेचा कच्चा माल ठरली. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या बहुतेक रुग्णांना नवे काल्पनिक दृश्यही सलगपणे रंगवता येत नाही, असे 2007 मध्ये एका अभ्यासात दिसले. भूतकाळ आठवणे आणि न घडलेले डोळ्यांपुढे आणणे यांची यंत्रणा बरीचशी सामाईक असावी. तसे असेल, तर आठवणीत होणारे फेरफार ही उद्याची कल्पना करण्याच्या क्षमतेचीच दुसरी बाजू ठरते.