बाहेर बसायला शिकवणं

2013च्या मे महिन्यात कॅनडातल्या ओटावा शहरात रोवन स्ट्रिंगर ही 17 वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी सामन्यात कोसळली आणि चार दिवसांनी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. संघाची कर्णधार होती ती. त्याआधीच्या काही दिवसांतच खेळताना तिच्या डोक्याला मार बसला होता. डोकं दुखत होतं आणि ते कशामुळे, याचा अंदाजही तिला आला होता. फोनवर तिने कन्कशनची माहिती शोधली होती, मैत्रिणींना तसे संदेश पाठवले होते. आईवडिलांपर्यंत किंवा प्रशिक्षकापर्यंत मात्र ही शंका पोहोचलीच नाही.

मला या घटनेतली हीच गोष्ट सर्वांत जास्त छळते. माहिती नव्हती म्हणून ती गेली असं म्हणता येत नाही.

जोराचा हिसका बसला की मेंदूतले तंतू ताणले जातात, पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा मंदावलेला असतो. यालाच कन्कशन म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये ते सहसा दिसत नाही. बहुतेकांची शुद्धही हरपत नाही. मार डोक्यालाच बसायला हवा असंही नाही. छातीला धडक बसून मान झटक्यात हलली तरी पुरते. हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदूचं आतल्या आत हलणं थांबवू शकत नाही. या अवस्थेत दुसरा मार बसला तर, क्वचित का होईना, मेंदू काही मिनिटांत सुजतो. असं जास्त करून किशोरवयात घडतं. रोवनचं तेच झालं.

अमेरिकेत 2006 साली वॉशिंग्टन राज्यातला 13 वर्षांचा झॅकरी लिस्टेड असाच मार खाऊन त्याच सामन्यात पुन्हा मैदानात उतरला होता. तो वाचला, पण कायमच्या अपंगत्वासह. त्याच्या नावाचा कायदा 2009मध्ये झाला: शंका आली की खेळाडू बाहेर, आणि परवानाधारक आरोग्यतज्ज्ञाच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. 2014पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले.

कायदा प्रशिक्षकाला बांधतो. मुलाचं तोंड कसं उघडणार? 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलवॉकीच्या एका अभ्यासात कन्कशन झालेल्या, अमेरिकन फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांपैकी निम्म्यांहून कमी जणांनी ते कुणाला सांगितलं होतं. न सांगणाऱ्यांना कारण विचारलं, तेव्हा बहुतेकांनी ‘एवढं गंभीर वाटलं नाही’ असं सांगितलं आणि पुष्कळांनी ‘सामना सोडायचा नव्हता’ असं. पहिल्या उत्तरावर माहितीपत्रक चालेल. दुसऱ्यावर चालणार नाही.

शिवाय आपण विचारतो कुणाला? मार मेंदूला बसलेला असतो आणि ‘बरं वाटतंय का’ हे ठरवायलाही त्याच मेंदूला सांगतो. म्हणून शिकवायचं असेल तर आधी शेजारच्या खेळाडूला शिकवावं. सोबती गोंधळलाय, गुण किती झाले ते विसरलाय, उजेडाकडे बघत नाही, हे त्यालाच पहिल्यांदा दिसतं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 2018 साली रोवनच्या नावाने झालेल्या कायद्याचं मोल मला इथे वाटतं. 26 वर्षांखालच्या खेळाडूंनी, पालकांनी आणि प्रशिक्षकांनी दरवर्षी माहिती वाचायची, आणि आचारसंहितेत खेळाडूने मान्य करायचं की दुसऱ्यात लक्षणं दिसली तरी मी मोठ्यांना सांगेन. म्हणजे सांगणं ही चुगली राहत नाही, संघाचंच काम होतं.

आपल्याकडे रग्बी थोडी, पण कबड्डी गावोगाव. साखळीने पकड करताना गुडघा कपाळावर बसतो, दोन डोकी एकमेकांवर आदळतात. टेंगूळ आलं तर बर्फ लागतो. नसेल आलं तर तोंडावर पाणी मारून पोराला उभं करतात. ‘काही नाही झालं, ऊठ’ हे वाक्य आपण मायेने म्हणतो, आणि मायेने म्हटलेल्या वाक्यासमोर पोराला ‘चक्कर येतेय’ म्हणणं जड जातं. त्यात विभागीय निवड तोंडावर असेल, दहावीचे क्रीडा सवलतीचे गुण समोर दिसत असतील, तर ते पोर गप्प बसणार. त्याला भित्रं किंवा अडाणी कसं म्हणावं? त्याने हिशेब केलेला असतो.

हा हिशेब बदलणं शाळेच्या हातात आहे. खेळाच्या तासाला सराव करून घेता येतो: एकाने चक्कर आल्याचं सोंग करायचं, दुसऱ्याने हात वर करून सरांना सांगायचं. बरं होण्याची वाटही आधी समजावावी. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग हलकं चालणं, आधी वर्ग आणि नंतर मैदान, तेही पायरीपायरीने. डोकं दुखत असताना फळ्यावरचं उतरवून घेता येत नाही, म्हणून वर्गशिक्षकांना कळवायला हवं, चाचणी पुढे ढकलायला हवी. मुलांना बरं व्हायला मोठ्यांपेक्षा जास्त दिवस लागतात, कधी महिनाही. आणि सामन्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, संघ जमलेला असताना, सरांनी मुलांना सांगावं की डोक्याला लागल्याचं कळवणाऱ्याची संघातली जागा तो बरा होईपर्यंत राखून ठेवली जाईल. पहिला मुलगा तसा येऊन सांगेल, तेव्हा ती खरंच राखलेली सगळ्या संघाला दिसायला हवी.