विचारणाऱ्याचा हक्क आणि सांगणाऱ्याचा हक्क

शाळा-महाविद्यालयांतून आता विद्यार्थ्यांना स्वतंत्र अभ्यास-प्रकल्प करावयास सांगतात. विद्यार्थी प्रश्नावली तयार करतो, घरोघर हिंडतो, माहिती जमवितो. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु पाहणीला आधी मंजुरी घ्या, असे म्हटले की मुले आणि पालक कुरकुर करतात. 'नुसते प्रश्नच तर विचारायचे. त्याला परवानगी कशाला?' या शंकेचा नीतीच्या दृष्टीने विचार केला पाहिजे.

हा नियम कोणाच्या लहरीतून आलेला नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने ६०० गरीब काळ्या पुरुषांवर अभ्यास चालविला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश होता. त्यांना खरा रोग सांगितला नाही. पेनिसिलिनचा उपाय उपलब्ध झाल्यावरही तो दिला नाही. अभ्यास करणारे सुशिक्षित होते. ज्यांच्यावर अभ्यास झाला ते दुबळे होते. हे उघडकीस आल्यावर १९७४ साली तेथे कायदा झाला आणि १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे सांगितली: माणसाचा आदर, त्याचे हित आणि न्याय.

विद्यार्थ्याची प्रश्नावली म्हणजे टस्कीगी नव्हे, हे खरे. पण प्रश्नानेही इजा होते. वर्गात 'तुझे वडील दारू पितात काय?' असे छापील कागदावर विचारले, तर मूल नाही कसे म्हणणार? समोर गुरुजी उभे असतात! कागदावर नाव नसले तरी गाव, जात, वय आणि बापाचा धंदा लिहिला की माणूस ओळखू येतोच. लहान वस्तीत तर लगेच.

म्हणूनच अमेरिकेतील शालेय विज्ञान प्रदर्शनांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत माणसांची पाहणी सुरू करण्यापूर्वी किमान तिघांच्या समितीची मंजुरी लागते. तीत एक शिक्षक, एक शाळेचा प्रशासक आणि एक वैद्यकीय किंवा मानसिक आरोग्याचा जाणकार असतो. प्रकल्पाचा मार्गदर्शक त्या समितीत बसत नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आरोग्यविषयक संशोधनासाठी आहेत. त्यांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १८ वर्षांच्या मुलाचीही तयारी विचारावी लागते.

आता दुसरी बाजू. मंजुरीच्या नावाखाली अडचणीचे प्रश्न दडपले जाणार नाहीत काय? पाणवठ्यावर कोणाला थांबावे लागते, असा प्रश्न एखाद्या मुलीने घातला आणि 'गावात तंटा होईल' म्हणून तो खोडला गेला, तर तो न्याय नव्हे. समितीने उत्तर देणाऱ्याचे रक्षण करावे, ज्याच्याविरुद्ध उत्तर जाते त्याचे नव्हे. नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावे आणि प्रश्न कसा सुधारावा तेही सांगावे.

आणखी एक गोष्ट. समितीची मंजुरी म्हणजे उत्तर देणाऱ्याची संमती नव्हे. शिक्का असला तरी दारातल्या म्हातारीला सांगितलेच पाहिजे: मी कोण, हे कशासाठी, कागद कोण पाहील, आणि 'आजी, सांगायचे नसेल तर सांगू नका.' ती नाही म्हणाली तर नमस्कार करून पुढच्या घरी जावे.

पालकांनो, मुलाची प्रश्नावली मंजुरीला जाण्यापूर्वी एकदा स्वतः वाचा. जो प्रश्न आपल्या घरी परक्याने विचारलेला आपल्याला खपणार नाही, तो शेजाऱ्याच्या घरी कसा विचारायचा, हे मुलाबरोबर बसून ठरवा.