‘सायको’ आणि त्याचा प्रेक्षक

अल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ १६ जून १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये लागला, तो एका कडक अटीसह. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडले जाणार नव्हते. आज ही अट साधी वाटते. त्या काळच्या अमेरिकेत मात्र चित्रपटगृहांत खेळ सलग चालत. लोक वाटेल तेव्हा आत शिरत, अर्ध्यावरून सिनेमा पाहत, आणि पुढच्या खेळात आपण पाहिलेला भाग आला की उठून घरी जात. हिचकॉकने ही सवय मोडायला लावली. दाराशी रांगा लागल्या, आणि चित्रपटगृहांच्या व्यवस्थापकांसाठी हा सिनेमा कसा हाताळावा याची पुस्तिकाही काढण्यात आली. फ्रान्समध्ये आंरी-जॉर्ज क्लूझोने ‘ले दियाबोलिक’ या १९५५ सालच्या चित्रपटाच्या शेवटी, पाहिलेले रहस्य मित्रांजवळ फोडू नका, अशी विनंती पडद्यावर छापली होती. हिचकॉकने त्याच वाटेने पुढचे पाऊल टाकले.

अटीमागे जाहिरातबाजी होतीच, पण कारण सिनेमाच्या रचनेतही होते. ‘सायको’ सुमारे १०९ मिनिटांचा आहे आणि त्याची नायिका पाऊण तासाच्या आसपास मरते. उशिरा आलेला माणूस जॅनेट ली पडद्यावर कधी येते याची वाट पाहत शेवटपर्यंत बसून राहिला असता. नावाजलेली नटी मध्यावर मारून टाकायची, हे त्या वेळच्या प्रेक्षकाच्या हिशेबातच नव्हते. मध्यंतराची सवय असलेल्या भारतीय प्रेक्षकाला कलाटणी साधारण तिथेच अपेक्षित असते. परंतु मध्यंतरानंतर नायिकाच नसेल, अशी अपेक्षा तोही करत नाही.

हा भयपट देखणा आहे, पण त्याचे देखणेपण श्रीमंतीतून आलेले नाही. आदल्या वर्षीचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ रंगीत, महागडा आणि देशभर फिरणारा होता. ‘सायको’ मात्र हिचकॉकने आपल्या दूरचित्रवाणी मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन, कृष्णधवल फितीवर, सुमारे ८ लाख डॉलरमध्ये केला. सॉल बासच्या नामावलीत करड्या-काळ्या पट्ट्या अक्षरे चिरत जातात. बर्नार्ड हरमनने वाद्यवृंदातली फुंकवाद्ये आणि तालवाद्ये बाजूला ठेवून सगळे संगीत केवळ तंतुवाद्यांवर उभे केले. स्नानगृहातला खून पडद्यावर मिनिटभरही चालत नाही; त्याच्या चित्रीकरणाला मात्र सात दिवस लागले. कॅमेऱ्याच्या जागा पुन्हा पुन्हा बदलल्या, रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. या दृश्याला संगीत नको, असे हिचकॉकचे आधी मत होते. हरमनने तरीही व्हायोलिनच्या त्या किंचाळ्या रचल्या, आणि ऐकल्यावर दिग्दर्शकाने मत बदलले. सुरी शरीरात घुसताना आपण पाहिली, असे अनेक जण खात्रीने सांगतात. वास्तविक पडद्यावर जखम जवळजवळ दिसतच नाही. तुकडे संकलकाने जोडले आहेत आणि घाव प्रेक्षकाने स्वतःच्या मनात घातला आहे.

त्यामुळे पहिली प्रतिक्रिया शरीराची होती. लोक ओरडले, खुर्चीला घट्ट धरून बसले, शेजाऱ्याला बिलगले. लंडनच्या प्लाझा चित्रपटगृहात खेळ सुरू असताना अंधारात प्रेक्षकांची छायाचित्रे घेतली गेली. त्यांत कोणी तोंडावर हात धरले आहेत, कोणी नजर खाली वळवली आहे, कोणी जबडा आवळून समोर पाहतो आहे. अभ्यासिका लिंडा विल्यम्स यांनी या प्रेक्षकवर्गाचा बारकाईने विचार केला. त्यांच्या मते वेळेवर येणे, रांगेत थांबणे, रहस्य जपणे या शिस्तीला लोक स्वखुशीने तयार झाले, कारण एकत्र घाबरण्यातला आनंद त्या शिस्तीतूनच मिळत होता. किंकाळीनंतर लगेच हसू फुटते, त्याचेही स्पष्टीकरण मानसशास्त्रात आहे. डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार भीतीने शरीरात उसळलेली उत्तेजना प्रसंग संपला तरी लगेच ओसरत नाही. ती पुढच्या भावनेत मिसळते आणि सुटकेचा आनंद नेहमीपेक्षा मोठा करते. चित्रपटगृहाबाहेर ती उत्तेजना वेगळ्या रूपाने टिकली. स्वतः जॅनेट ली यांनी पुढे सांगितले की, हे दृश्य पडद्यावर पाहिल्यापासून त्या शक्य तिथे शॉवरखाली अंघोळ टाळत.

तरीही ‘सायको’ची खरी करामत या किंकाळीत नाही, आणि शेवटच्या उलगड्यातही नाही. ती त्या दोहोंच्या मधल्या भागात आहे. नायिका मॅरियन क्रेन मालकाच्या गिऱ्हाइकाचे ४० हजार डॉलर घेऊन पळते. ती चोर आहे हे माहीत असूनही प्रेक्षक तिच्या बाजूने असतो. रस्त्यावर पोलीस तिच्या गाडीच्या काचेत डोकावतो तेव्हा धडधड आपल्याच छातीत होते. बेट्स मोटेलमध्ये ते चालवणाऱ्या नॉर्मनशी बोलल्यावर तिला पश्चात्ताप होतो. खर्च झालेल्या ७०० डॉलरचा हिशेब ती कागदावर मांडते आणि परत जायचे ठरवते. तेवढ्यात ती मारली जाते. आता ज्याच्यासाठी जीव अडकावा असे पडद्यावर कोणी उरलेले नसते. नॉर्मन धावत येतो, भेदरतो आणि आपल्या आईचे कृत्य झाकण्यासाठी स्नानगृह धुऊन काढतो. हा प्रसंग जवळजवळ निःशब्द आहे आणि चांगलाच लांब आहे. माणूस फरशी पुसतो, पडदा गुंडाळतो, प्रेत गाडीत ठेवतो, वर्तमानपत्रात बांधलेले पैसे नकळत त्याच गाडीत टाकतो. इतके मन लावून काम करणारा माणूस पाहताना प्रेक्षक त्याच्याकडे ओढला जातो. नॉर्मन गाडी दलदलीत ढकलतो. ती बुडू लागते, आणि मध्येच थांबते. त्या क्षणी चित्रपटगृहात श्वास रोखला जातो, आणि गाडी पुन्हा खाली जाऊ लागली की तो सुटतो. पाच-दहा मिनिटांपूर्वी जिच्या मरणाने लोक हादरले होते, तिचे प्रेत नीट लपावे अशी त्यांची इच्छा झालेली असते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हिचकॉकने या प्रतिक्रियेचा मुद्दाम उल्लेख केला होता. चित्रपटाच्या इतिहासात प्रेक्षकाचे मन इतक्या कमी साधनांनी, इतक्या पूर्णपणे हलवल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

हे घडले त्यात पात्रनिवडीचा वाटा मोठा होता. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ सालच्या कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, स्थूल आणि दारूच्या आहारी गेलेला आहे. वाचक त्याच्यापासून पहिल्यापासूनच दोन हात दूर राहतो. पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी त्याच्या जागी सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, लाजरा अँथनी पर्किन्स आणला. अडखळत बोलणारा, पाहुणीला सँडविच आणि दूध देणारा हा मुलगा आवडतोच.

शेवटी कळते की आई कधीच मेलेली आहे आणि खुनी नॉर्मनच आहे. हे रहस्य जपण्यासाठी पडद्याबाहेरही खटाटोप झाला. चित्रीकरणस्थळी ‘मिसेस बेट्स’ असे नाव लिहिलेली खुर्ची ठेवली होती आणि त्या भूमिकेसाठी नटीचा शोध चालू असल्याची आवई उठवली गेली. आईचा आवाज एकापेक्षा अधिक कलाकारांकडून करून घेतला. पडद्यावर नॉर्मन आईला उचलून तळघरात नेतो तेव्हा कॅमेरा जिन्याच्या थेट वर चढून बसतो, त्यामुळे तिचा चेहरा दिसत नाही. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला हा कॅमेरा तिथे का गेला ते उमगते. कलाटणीची कसोटी इथेच लागते. पुन्हा पाहताना मागची दृश्ये खोटी ठरत असतील तर प्रेक्षक फसवला गेला. त्यांचा अर्थ अधिक खोल होत असेल तर तो जिंकला गेला. ‘द सिक्स्थ सेन्स’ (१९९९) ही कसोटी उत्तम रीतीने पार करतो. त्यातल्या मेलेल्या डॉक्टर माल्कमशी त्याच्या छोट्या रुग्णाशिवाय कोणीच खरोखर बोललेले नाही, हे दुसऱ्या वेळी दिसते आणि त्याच्या बायकोचे मौन वेगळेच ऐकू येते. नॉर्मन आईविषयी बोलतो ती वाक्येही दुसऱ्या वेळी तशीच बदलतात.

समीक्षकांना ‘सायको’ आधी वेगळा दाखवला गेला नाही. त्यांना गर्दीतच बसावे लागले. बरेचसे नाराज झाले. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’च्या ज्येष्ठ समीक्षक सी. ए. लेजून शेवटापर्यंत थांबल्याच नाहीत, आणि त्याच वर्षी त्यांनी ते काम सोडले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदर यांनी आधी थंड परीक्षण लिहिले, पण वर्षाअखेरीस उत्तम दहा चित्रपटांत ‘सायको’चे नाव घातले. लोकांचा कौल समीक्षकांना मागे वळून पाहायला लावतो, याचे हे स्पष्ट उदाहरण होय. ब्रिटिश दिग्दर्शक मायकल पॉवेलला हे भाग्य लाभले नाही. त्याचा ‘पीपिंग टॉम’ काही आठवडे आधी, एप्रिल १९६० मध्ये लंडनला लागला. त्यातही लाजरा तरुण खुनी आहे आणि त्यातही प्रेक्षकाला त्याच्या नजरेत बसवले आहे. फरक असा की तो खुनी आहे हे पहिल्याच दृश्यात कळते. जाणूनबुजून खुन्याच्या डोळ्यांनी पाहणे लोकांना सहन झाले नाही. समीक्षक तुटून पडले आणि पॉवेलची ब्रिटनमधली कारकीर्द जवळपास संपली. ‘सायको’ने तीच गोष्ट न सांगता करवून घेतली. कलाटणीने प्रेक्षकाला एक पळवाट ठेवली होती: आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्याला म्हणता येत होते.

शेवट आधी कळला तर मजा जाते का, यावर प्रयोगही झाले आहेत. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील लेविट आणि क्रिस्टेनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली वाचकांना लघुकथा दिल्या. शेवट आधीच ठाऊक असलेल्यांनी त्या कथांना सरासरीने अधिक पसंती दिली. पुढच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले. ‘सायको’पुरते उत्तर सोपे आहे. आज तो पाहायला बसणाऱ्या बहुतेकांना शॉवर, सुरी आणि आई हे सगळे ठाऊक असते, तरीही दलदलीपाशी त्यांचा श्वास अडकतोच.

या चित्रपटाचा एक दोष मात्र मान्य केला पाहिजे. उलगडा झाल्यावर मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून नॉर्मनच्या मनाची लांबलचक चिकित्सा करतो. आधीच्या नव्वद-शंभर मिनिटांत जे जाणवले ते इथे शब्दांत कोंबले आहे, आणि दृश्य ढिले पडते. हिचकॉक लगेच सावरतो. पांघरूण लपेटून बसलेल्या नॉर्मनच्या मनात आई बोलू लागते, त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर क्षणभर कवटी उमटते, आणि चित्रपट संपतो तो साखळीने दलदलीबाहेर ओढल्या जाणाऱ्या मॅरियनच्या गाडीवर.