वाचनाच्या चाली

भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयातली एखादी जुनी रहस्यकथा हाती आली, तर तिची पानं जरा निरखून बघावीत. एका पानाच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं बारीक गोल काढलेला असतो, दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात फुली, आणखी कुठे नुसतं आद्याक्षर. या वाचकांच्या खुणा. हे पुस्तक आपलं वाचून झालंय, हे पुढच्या खेपेला कपाटापाशी उभं असतानाच कळावं म्हणून केलेल्या. मला या खुणांबद्दल फार आपुलकी वाटते. कथा आपण विसरणार हे त्या वाचकाला पक्कं ठाऊक असतं, आणि त्याची त्याला अजिबात खंत नसते.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळा पहाड या त्यांच्या नायकांची वाट बघणाऱ्यांत गिरणीतले कामगार होते, कारकून होते, शाळा-कॉलेजातली मुलंही होती. दिवसभर ज्याला स्वतःच रेटून काम ओढायचं असतं, त्याला रात्री तासभर कुणीतरी हात धरून पळवत नेलं तर हवंच असतं. ‘पुढे काय झालं?’ एवढ्या एका प्रश्नावर पानं उलटतात, आणि उत्तर मिळालं की मन हलकं होतं. या वाचनाला हलकं म्हणून नाक मुरडणं मला कधीच पटलेलं नाही. मराठी माणसाला पान उलटण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांत या पुस्तकांचा वाटा मोठा आहे.

पण तोच वाचक ‘स्मृतिचित्रे’ घेऊन बसला की त्याची चाल आपोआप मंदावते. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत आलं. पुढे काय होणार हे त्यात आधीच माहीत असलं तरी काही बिघडत नाही. पती रेव्हरंड टिळक ख्रिस्ती होणार, संसार उधळणार, लक्ष्मीबाई वर्षानुवर्षं तळमळणार, हे सगळं वाचकाला ठाऊक असतं. तरी तो पुन्हा पुन्हा तिकडे वळतो तो त्या बाईंच्या बोलण्यासाठी. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घराचे झालेले हाल त्या सांगतात, आणि आपल्याला आधी हसू येतं. त्या घरातल्या लेकराबाळांचं काय झालं असेल, हे मागाहून जाणवतं. या पुस्तकावर कुणी ‘वाचून झालं’ची खूण करत नसेल.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ तर आणखी निराळा. सत्तावन्नच्या धामधुमीच्या तारखा आपण शाळेत घोकलेल्या असतात. हा वरसईचा भिक्षुक मात्र कर्ज फिटावं, चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून उत्तरेकडे निघाला आणि नेमका त्या वणव्यात सापडला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा तो शहरात होता. बाहेर कत्तल चाललेली, आणि आत लपलेल्या माणसांना तहान, भूक, जवळचं किडुकमिडुक यांची काळजी. एवढं सगळं सोसून गडी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी घेऊन आला. १९०७ साली छापलेलं हे पुस्तक वाचताना इतिहासाचा सनावळीशी असलेला संबंध सुटतो आणि एका माणसाशी जडतो. ऐतिहासिक कादंबरीची मजा वेगळी, तिथे लेखक आपल्याला थोरामोठ्यांच्या मनात नेतो. इथे आपण सामान्य माणसाच्या पावलांनी चालतो. मला स्वतःला हीच चाल अधिक भावते.

आणि ‘रुचिरा’? कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं. वाटी आणि चमचा या मापांनी कितीतरी नवख्या हातांना धीर दिला. माझ्या आईच्या प्रतीत अनारशांच्या पानाशी तिच्या अक्षरात लिहिलंय, ‘गूळ बेतानं, विरतात.’ पण ती हे पुस्तक दुपारी आडवी पडूनही वाचायची. त्या वेळी करायचं काहीच नसे. एखादा पदार्थ मनातल्या मनात शिजवायचा, तो कुणाला आवडेल ते आठवायचं आणि पान उलटायचं. पाककृतींच्या पुस्तकाला वाचक असतो, नुसता वापरणारा नसतो, हे मी तिच्याकडे बघून शिकले.

‘माझं वाचन सुटलं’ असं पन्नाशी-साठीतली माणसं फार हळहळून सांगतात. पुष्कळदा सुटलेली असते ती एकच चाल, बहुधा जाडजूड कादंबरीची. अशांना मी पत्रं, डायऱ्या, प्रवासवर्णनं हाती घ्यायला सांगते. कोशसुद्धा. दाते-कर्व्यांच्या शब्दकोशाचा कुठलाही खंड कुठेही उघडावा, एका शब्दावरून दुसऱ्याकडे भरकटावं, कंटाळा आला की मिटावा. तिथे मागचं-पुढचं लक्षात ठेवायचं ओझं नाही.

डोळे थकले असतील तर दुसऱ्यानं वाचून दाखवावं. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहायला घेतलं, तेव्हा त्याची प्रकरणं केली नाहीत, रात्री केल्या. श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आईची एक गोष्ट सांगतो, अशा ४२ रात्री. हे पुस्तक मुळात ऐकायचंच आहे. घरात आजी असेल आणि वाचता येणारं नातवंड असेल, तर आज जेवणं झाल्यावर पहिली रात्र काढावी. दुसरी उद्या.