रेडिओचा कान

काकूंच्या माजघरात फळीवर व्हॉल्व्हचा जुना रेडिओ आहे. सागवानी खोकं, पुढे सोनेरी धाग्याचं कापड, काचेवर मुंबई, दिल्ली, लंडन अशी गावांची नावं. त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेला. 1955 च्या एप्रिलात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा अख्खी आळी या रेडिओपुढे येऊन बसायची. आठवड्याला एक नवं गाणं. पुढच्या एप्रिलपर्यंत 56 गाणी झाली. पुढे व्हॉल्व्ह गेले, नवे मिळेनात. रेडिओ मुका झाला आणि त्याच्या डोक्यावर फुलदाणी आली.

गेल्या दिवाळीत नातवाने तो उघडला. आत पत्त्याच्या पानाएवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक बसवला, नवा स्पीकर लावला. आता त्यातून हवी ती गाणी वाजतात. टीव्हीला वायर जोडली की पोरं त्याच्यावर पॅकमॅनही खेळतात. पण मला कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याने खोक्याला एकही नवं भोक पाडलं नाही. आवाजाचं बटण तेच. ‘टक’ झालं की चालू. स्टेशनच्या बटणाला मागून फेरे मोजणारा एक छोटा भाग जोडलाय. बटण फिरवलं की पूर्वीसारखीच दोरी सरकते, काटा चालतो. काटा मुंबईवर आला की नाट्यगीतं, दिल्लीवर आला की भजनं. आतला जुना सांगाडा धोतराच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. कधी व्हॉल्व्ह मिळालेच, तर परत बसवता येईल.

मी म्हटलं, “अरे, मोबाइलवरून चालवायची सोय केली असतीस की.” तो म्हणाला, “केली असती. पण मग आजीला आधी चष्मा शोधावा लागला असता. हे बटण तिला अंधारातही सापडतं.” खरंच आहे. काकू पहाटे उठतात, रेडिओचा कान पिळतात आणि चहाचं आधण ठेवायला जातात. संगणक जागा व्हायला अर्धं-एक मिनिट लागतं. पूर्वी व्हॉल्व्ह तापायलाही जवळपास तेवढाच वेळ लागायचा. त्यामुळे आधण ठेवून होतं न होतं तोच गाणं लागतं, अगदी पूर्वीसारखं.

आपणही रोज काही ना काही बदलत असतो. स्वयंपाकघरातल्या फळ्या नव्याने लावतो, ऑफिसात वहीच्या जागी नवा तक्ता आणतो, आईला नवा फोन घेऊन देतो. मनात असतं ते समोरच्याचं भलंच. फक्त एक बघायचं राहून जातं. सासूबाईंचा हात मिठाच्या डब्याकडे न बघताच जात असतो, आणि आपण तिथे साखर ठेवलेली असते. आज काही बदलायला घेतलंत, तर आधी मिनिटभर बाजूला उभे राहा. रोज ती वस्तू वापरणाऱ्याचा हात पहिल्यांदा कुठे जातो, ते बघा. मग आत काय हवं ते खुशाल नवं घाला. कान मात्र होता तिथेच असू द्या.