पाठभेदांची शाळा

युरोपातील विद्यापीठांमधून गेल्या काही दशकांत अध्यापनाचा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला आहे. विषय कोणताही असो, प्रबंधासाठी काम करणाऱ्या तरुण संशोधकांना एकत्र बसवून, आपले संशोधन शोधनिबंधाच्या रूपात कसे मांडावे, तो कोणत्या नियतकालिकाकडे धाडावा, परीक्षकांच्या आक्षेपांचा परामर्श कसा घ्यावा आणि नकार आलाच तर त्यातून काय शिकावे, याचे रीतसर शिक्षण तेथे दिले जाते. आणि या विद्येत मुरलेले प्राध्यापक, कीर्तनकारांनी एका गावाहून दुसऱ्या गावी जावे तसे, एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊन हे वर्ग घेत असतात. बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी राहून महाविद्यालयीन अध्यापनाशी ज्याचा संबंध आला आहे, त्याच्या मनात ही हकीकत ऐकून प्रथम हळहळ आणि मागोमाग एक प्रश्न उभा राहतो. हळहळ अशी की, आमच्या मुलांना हे कोणी शिकवीत नाही. आणि प्रश्न असा की, ही विद्या केवळ त्यांनी द्यावी आणि आपण घ्यावी, अशीच आहे काय? महाराष्ट्राच्या विद्येचा इतिहास डोळसपणे वाचला, तर या प्रश्नाचे उत्तर ठामपणे नकारार्थी द्यावे लागते.

शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची आजची रीत साडेतीन शतकांहून जुनी आहे. १६६५ साली पॅरिस आणि लंडन येथे दोन महिन्यांच्या अंतराने दोन नियतकालिके निघाली. लंडनचे नियतकालिक रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी चालविले आणि ते आजतागायत चालू आहे. तोपर्यंत विद्वानांचे शोध खाजगी पत्रांतून फिरत, क्वचित गुप्तही ठेवले जात. ते छापून सर्वांपुढे ठेवण्याचा प्रघात पडल्यावर ज्ञानाच्या व्यवहारात एक नैतिक अट आपोआप दाखल झाली. जो काही प्रतिपादन करील त्याने आपला पुरावा वाचणाऱ्याच्या हाती द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याला तो तपासता येईल आणि खोडताही येईल, ही ती अट होय. शोधनिबंधाच्या बाकी साऱ्या उपचारांचे मूळ या एका अटीत आहे, आणि ती पाळण्याची सवय अंगी बाणवणे हेच या विद्येचे शिक्षण आहे.

ही अट महाराष्ट्रात ज्यांनी प्रथम आपलीशी केली, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे स्थान अग्रभागी आहे. १८७४ साली लंडनला प्राच्यविद्या परिषद भरली तेव्हा ते स्वतः जाऊ शकले नाहीत. परंतु नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा त्यांचा निबंध तेथे गेला आणि परिषदेच्या कार्यवृत्तात छापला गेला. पुढे १८८५ साली गटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि १८८६ साली मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून ते व्हिएन्नाच्या परिषदेला गेले. तेथे प्राध्यापक असलेले ब्यूलर हे पूर्वी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक होते, आणि गटिंगेनचे कीलहॉर्न हे तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून तिकडे गेलेले. युरोपातील ज्या विद्वत्सभेपुढे भांडारकर उभे राहिले, तिच्यातील प्रमुख मंडळींनी आपल्या विद्येचा मोठा भाग आमच्याच शास्त्रीमंडळींच्या सान्निध्यात पक्का केला होता, ही गोष्ट विसरता कामा नये. भांडारकरांनी तेथे रामानुजीय आणि भागवत संप्रदायांविषयी निबंध वाचला. आपल्या देशाच्या प्राचीनतेचा गौरव गाऊन सभा जिंकणे त्यांना अवघड नव्हते. परंतु त्यांनी ग्रंथ, काळ आणि दाखले यांच्या आधाराने बोलणेच पसंत केले. अभिमान आणि प्रमाण यांपैकी प्रमाणाला अग्रपूजेचा मान देण्याची ही वृत्ती त्यांच्या साऱ्या लेखनात आढळते.

त्या वृत्तीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे महाभारताची चिकित्सक आवृत्ती. तिची कल्पना युरोपात निघाली. १८९७ च्या पॅरिस परिषदेत विंटरनित्स यांनी अशा आवृत्तीची निकड मांडली, पुढे ल्यूडर्स यांनी १९०८ साली नमुन्याची काही पृष्ठे छापून दाखविली, आणि नंतर पहिल्या महायुद्धाने ते सारे काम बारगळले. ६ जुलै १९१७ रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले होते. त्या संस्थेने १९१९ साली हे ओझे आपल्या शिरावर घेतले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या देणगीने बळ आले, आणि वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. युरोपात जी गोष्ट नमुन्याच्या चार पानांपलीकडे गेली नाही, ती पुण्यात सत्तेचाळीस वर्षे अखंड चालून १९६६ साली पूर्ण झाली.

काम कसे चाले, हे जवळून पाहण्यासारखे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोथ्या जमविल्या जात: काश्मीरच्या शारदा लिपीतील, बंगाली, मैथिली, नेवारी, देवनागरी, आणि दक्षिणेकडील तेलुगू, ग्रंथ व मल्याळम् लिपींतील. श्लोकागणिक एकेक तक्ता आखलेला असे. त्याच्या माथ्यावर प्रचलित पाठ अक्षरागणिक चौकटीत लिहून काढीत, आणि खाली एकेका पोथीच्या ओळीत, जेथे तफावत असेल नेमक्या त्या अक्षराखाली, भिन्न पाठ नोंदवीत. पोथी कोणाची, किती जुनी, कोठून खंडित, हाही तपशील दप्तरी राही. अशा तक्त्यांवरून संपादक मूळच्या जवळ जाणारा पाठ ठरवी आणि बाकीचे सर्व पाठ पानाच्या तळाशी छापी. त्यामुळे संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही, त्याला त्याच पानावर संपादकाविरुद्धचा पुरावा हाती मिळे. याहून पुढचे पाऊल असे की, स्वीकारलेल्या पाठातही जेथे संपादकाची खात्री नसे, तेथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असे. आपल्या शंकेची जागा शाईने दाखवून देणे, यापेक्षा विद्वानाच्या प्रामाणिकपणाचा मोठा दाखला मला ठाऊक नाही.

१९२३ साली नारायण बापूजी उत्गीकर यांनी विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती छापली, ती केवळ विद्वानांचे अभिप्राय मागविण्यासाठी. युरोप व अमेरिकेपर्यंत तिच्या प्रती गेल्या आणि आलेले आक्षेप ध्यानी घेऊन पुढची पद्धत दुरुस्त झाली. आज ज्याला परीक्षकांचा अभिप्राय म्हणतात, तो आमच्या संस्थेने स्वतः होऊन, एवढ्या विस्ताराने मागविला होता. १९२५ साली विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली तयार झालेला हा माणूस युरोपातून शिस्त घेऊन आला खरा; पण महाभारताच्या पोथ्यांपुढे ती शिस्त जशीच्या तशी चालत नाही, हे त्याने प्रथम ओळखले. ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या पोथ्यांची वंशावळ लावून एक मूळ प्रत गाठता येते. येथे तर शतकानुशतके कथेकरी, लेखनिक आणि पंडित यांनी पोथ्या एकमेकींशी ताडून मिसळल्या होत्या. म्हणून सुकथनकरांनी नवे नियम बसविले आणि १९३३ साली आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते जगापुढे मांडले. त्यानंतर सभापर्वाचे संपादन अमेरिकेतील येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनी केले, ते पुण्याच्या नियमांनुसार, पुण्यातून आलेल्या तक्त्यांवरून. ग्रंथ प्रसिद्ध कसा करावा, याचा धडा या वेळी पुण्याहून पश्चिमेकडे गेला होता. छापलेले नियम आणि हे तक्ते गेले, आणि ते पुरले.

आमच्या वऱ्हाडालाही या परंपरेचा वारसा आहे. पंजाबराव देशमुख यांनी ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उत्पत्ती-विकासावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली, आणि १९३३ साली तो ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या, वैदिक ज्ञानाचा ज्याला पिढ्यान् पिढ्या अधिकारच नाकारला गेला अशा समाजातील माणसाने ऑक्सफर्डच्या परीक्षकांपुढे वेदांविषयीचा सिद्धांत प्रमाणांनिशी मांडावा, हे लहानसहान कार्य नव्हे. प्रमाण कुळ विचारीत नाही, हे त्या ग्रंथाने सिद्ध केले. त्यांनीच १९३२ साली अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली, आणि चिखलीचे शिवाजी महाविद्यालय त्याच संस्थेचे आहे. म्हणजे ज्या माणसाने ऑक्सफर्डला आपला ग्रंथ तपासून घेतला, त्याच्याच संस्थेच्या वर्गांत आमची मुले बसतात. हा वारसा भिंतीवरच्या तसबिरीपुरता राहिला, तर दोष तसबिरीचा म्हणता येणार नाही.

आजची स्थिती मात्र चिंता करण्यासारखी आहे. २०१० च्या नियमांनी विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकाच्या कामाला गुणांक लावले आणि शोधनिबंधांच्या संख्येवर बढती अवलंबून राहिली. परिणाम व्हायचा तो झाला. स्थाननिश्चितीची तारीख जवळ आली की 'पेपर टाकला का?' हा प्रश्न महाविद्यालयाच्या प्रत्येक कार्यालयात ऐकू येऊ लागला, आणि पैसे भरून काही दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिके गावोगावच्या अध्यापकांच्या भ्रमणध्वनीवर जाहिराती धाडू लागली. पुणे विद्यापीठाच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली 'करंट सायन्स'मध्ये आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचीच तपासणी प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्यांतील त्यांनी तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे नियतकालिकांची नवी 'केअर' यादी आली आणि २०२५ साली तीही आयोगाने थांबविली. याद्या येतील आणि जातील; ज्याला निबंधाची पारख करता येत नाही, त्याला कोणतीही यादी तारणार नाही. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेने तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके सरकारी संस्थांना खुली केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. वाचनाची सोय झाली, हे स्वागतार्ह आहे. लिहिण्याची तालीम मात्र पैशाने विकत घेता येत नाही. ती माणसाने माणसाला द्यावी लागते.

ती तालीम द्यायला बुलढाणा जिल्ह्यात सामग्रीची वाण नाही. चिखलीहून मेहकरमार्गे लोणारला गेले, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले विवर दिसते. १९७३ साली फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्याच्या उल्काजन्य उत्पत्तीचा पुरावा मांडला. विवराचे वय एका पद्धतीने पन्नास हजार वर्षांच्या आसपास निघाले, तर २०११ साली आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे. दसपटीहून अधिक तफावत! पण प्रत्येक पक्षाने आपली पद्धत आणि आपली मोजमापे छापलेली आहेत, म्हणून आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही दोन्ही समोर ठेवून विचारता येते, की हे दोन आकडे एवढे भिन्न का? महाभारताच्या पानाखालचे पाठभेद आणि लोणारच्या वयाचे हे दोन हिशेब, यांत तत्त्वतः काडीमात्र फरक नाही. २०२० च्या जूनमध्ये या विवरातील सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगाव तर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून त्यातील क्षारप्रिय सूक्ष्मजीवांकडे कारण नेऊन लावले. तर्क आणि प्रमाण यांतील अंतर मुलांना शिकविण्यासाठी याहून चांगला प्रसंग कोणता?

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या महाविद्यालयाने दरमहा एक बैठक भरवावी. एका अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने आपल्या निबंधाचा कच्चा मसुदा, छापण्यापूर्वी, मराठीत वाचावा. रसायनशास्त्राच्या माणसाने इतिहासाच्या मसुद्यावर आणि इतिहासाच्या माणसाने कृषिशास्त्राच्या मसुद्यावर आक्षेप घ्यावेत. ते आक्षेप लेखी नोंदवून त्यांना लेखी उत्तर मागावे. उत्तर देता आले नाही, तर त्या वाक्याखाली नागमोडी रेघ मारावी. मराठीत जो युक्तिवाद नीट उभा राहतो, त्याचे इंग्रजी करणे हे मागाहूनचे आणि त्या मानाने हलके काम आहे. जो मराठीतच लंगडतो, त्याला इंग्रजीच्या कुबड्या पुरत नाहीत. आणि ज्यांच्या हाती बढतीची सूत्रे आहेत त्यांनी निबंधांची संख्या मोजण्याऐवजी प्रत्येकाचा एक निबंध स्वतः वाचावा आणि त्यावर चार प्रश्न विचारावेत. त्या चार प्रश्नांची धास्ती जे काम करील, ते कोणत्याही गुणांकाने होणार नाही.

युरोपातील प्राध्यापक आमच्याकडे वर्ग घेण्यास आले, तर त्यांचे आनंदाने स्वागत करावे, आणि आमच्या मुलांना तिकडे जाण्याची संधी मिळाली, तर ती अवश्य घ्यावी. मात्र आमच्या मुलांनी जाताना भांडारकरांप्रमाणे सोबत आपल्या मातीतला पुरावा न्यावा, आणि परतताना सुकथनकरांप्रमाणे तिकडची शिस्त येथल्या सामग्रीला लावून पाहावी, आणि ती जेथे कमी पडेल तेथे नवा नियम बसविण्याचे धाडस करावे. आपला पुरावा आणि आपली शंका ही दोन्ही उघड्यावर मांडणारा माणूस कोठेही बसून जगाला शिकवू शकतो. पुण्याने हे एकदा करून दाखविले आहे, आणि चिखलीने ते करू नये, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.